आधी बाहेरचं दार दाखवा

गूगलने आपलं ‘गूगल पॉडकास्ट्स’ हे अ‍ॅप बंद करत असल्याचं सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर केलं, तेव्हा कारणादाखल दिलेले आकडे मोठे मासलेवाईक होते. अमेरिकेत दर आठवड्याला पॉडकास्ट ऐकणाऱ्यांपैकी सुमारे 23 टक्के लोक त्यासाठी सर्वांत जास्त यूट्यूब वापरतात आणि गूगल पॉडकास्ट्स वापरणारे जेमतेम 4 टक्के आहेत, असं एडिसन या संस्थेच्या पाहणीच्या आधारे सांगण्यात आलं. आता यूट्यूबही गूगलचंच. त्यामुळे या शर्यतीत जिंकलं कोण आणि हरलं कोण हे सांगणं अवघड. ज्याला चंबूगबाळं उचलावं लागलं तो श्रोता हरला, एवढं नक्की. अमेरिकेत हे अ‍ॅप 2 एप्रिल 2024 ला मिटलं, भारतासह बाकीच्या जगात जूनमध्ये. 1 एप्रिल टाळला, यात कंपनीची समज दिसते. त्यानंतर ‘आता कुठलं अ‍ॅप घ्यावं’ या प्रश्नाने शहाणीसुरती माणसं जी हैराण झाली, ती हैराणी अजून पुरती ओसरलेली नाही. माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, फक्त लोक ते भलत्या टोकाकडून शोधतात. नवं अ‍ॅप आपल्यासाठी काय काय करतं याची बारीक चौकशी होते. आपण निघून जाताना ते काय करेल, हे कुणी विचारत नाही.

फुकट वस्तू निवडायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा विकतची निवडायला लागत नाही. विकतच्या वस्तूला किंमत असते, त्यामुळे खिशात हात घातला की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांपैकी एक ‘बसतंय बजेटमध्ये’ म्हणून घरी येतो. इथे सगळंच शून्य रुपयाला. गाळायला निकष हवा, म्हणून माणूस तुलनेचे तक्ते शोधतो. त्या तक्त्यांत उभ्या ओळीत अ‍ॅपची नावं आणि आडव्या ओळीत गुण: वेग वाढवता येतो का, शांतता कापता येते का, झोपेचा टायमर आहे का, गाडीत चालतं का, मनगटावरच्या घड्याळात चालतं का. हिरव्या टिचक्या, लाल फुल्या. घड्याळाच्या रकान्यात फुली दिसली म्हणून जो एका चांगल्या अ‍ॅपवर काट मारतो, त्याच्या मनगटावर एचएमटी असतं. मग प्ले स्टोअरवरचे अभिप्राय. एकाला 4.6, दुसऱ्याला 4.7, या एक दशांशावर रात्रीचे साडेअकरा वाजतात. पुढे एक तारा देणाऱ्यांची तक्रार वाचायची, ‘परवाच्या अपडेटपासून सगळं बिघडलं’. ही तक्रार प्रत्येक अ‍ॅपखाली, प्रत्येक वर्षी, जवळजवळ त्याच शब्दांत सापडते, आणि तरीही वाचणाऱ्याच्या पोटात दर वेळी गोळा येतो.

सल्लागारांची वेगळीच तऱ्हा. पॉडकास्टच्या अ‍ॅपबद्दल कुणाला विचारलं तर तो स्वतः वापरतो तेच सांगतो, आणि ते त्याने का निवडलं असं विचारलं तर कळतं की ते त्याला आणखी कुणीतरी सांगितलेलं होतं. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला खरोखर पाच-सहा अ‍ॅप ताडून बघणारा एखादा माणूस असेलही. पण त्याची निवड कुठल्या साली झाली याची नोंद नसते. ‘वापरून तर बघ’ हा या क्षेत्रातला सर्वांत घातक सल्ला आहे. तो मानणाऱ्याच्या फोनवर महिन्याभरात चार अ‍ॅप येतात, चारही ठिकाणी त्याच कार्यक्रमांची नोंदणी होते, आणि नवा भाग आला की फोन चार वेळा वाजतो. एकात पंचवीस मिनिटं ऐकलेली, दुसऱ्यात बारा, तिसऱ्याच्या मते भाग ऐकून झालेला, चौथ्याच्या मते अजून सुरूच केलेला नाही. या महिन्यात माणूस प्रत्यक्षात काय ऐकतो? पॉडकास्टची अ‍ॅप कशी निवडावीत यावरचे व्हिडिओ.

या सगळ्या शोधाशोधीत एक गोष्ट नजरेआड होते. बंद पडलं ते नक्की काय? गूगल पॉडकास्ट्स जून 2018 मध्ये आलं तेव्हा ते स्वतंत्र अ‍ॅप म्हणावं असं फारसं नव्हतंच. फोनमध्ये आधीच असलेल्या गूगलच्या शोध-अ‍ॅपमधल्या एका कोपऱ्याकडे नेणारी ती वाट होती. म्हणजे कित्येक लोक एका चिन्हाच्या जाण्याने हळहळले. बरं, त्या चिन्हामागे पॉडकास्ट तरी होते का? तेही नव्हते. पॉडकास्ट करणारा माणूस आपल्या ध्वनिमुद्रणाची फाइल इंटरनेटवरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवतो. तिच्याजवळ एक साधी मजकुराची यादी असते: भागाचं नाव, तारीख, चार ओळींचं वर्णन आणि फाइलचा पत्ता. नवा भाग आला की यादीत एक नोंद वाढते. आपलं अ‍ॅप ठरावीक वेळाने ती यादी उघडून बघतं आणि नवीन काही दिसलं तर आपल्याला सांगतं. बस. या यादीला फीड म्हणतात आणि तिच्या पद्धतीला आरएसएस. रेशीमबागेशी या पद्धतीचा संबंध नाही, शाखा मात्र जगभर आहेत. डेव्ह वायनर यांनी 2000-01 च्या सुमारास या यादीत ध्वनीची फाइल जोडायची सोय केली, आणि अ‍ॅपलने जून 2005 मध्ये आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिल्यावर ही गोष्ट घरोघरी पोचली. अ‍ॅपलनेही ठेवली ती फक्त पत्त्यांची वही. ध्वनी ज्याचा त्याच्याकडेच राहिला. त्यामुळे जून 2024 मध्ये एकाही कार्यक्रमाचा एकही भाग नाहीसा झाला नाही. अमित वर्मांच्या ‘द सीन अँड द अनसीन’चा एखादा भाग कधी कधी पाच तासांच्याही पुढे जातो; तो होता तिथेच, तेवढाच लांब राहिला.

श्रोत्याचं म्हणून जे काही त्या अ‍ॅपमध्ये होतं ते एवढंच: आपण कोणकोणते कार्यक्रम ऐकतो याची यादी, आणि कुठला भाग कुठपर्यंत ऐकला याच्या खुणा. दोन्ही मिळून एखाद्या फोटोएवढीही जागा व्यापत नाहीत. पण त्याच दोन गोष्टी परत जमवायला माणसाला आठवडे लागतात, कारण यादी डोक्यात कुणाच्याच नसते. आपण काय ऐकतो हे आपल्याला माहीत असतं असा आपला समज असतो, आणि तो अ‍ॅप उघडं असेपर्यंतच टिकतो.

फुकटचं अ‍ॅप हे बिनभाड्याचं घर आहे, आणि आपण त्यात कसे राहायला जातो ते बघा. खरं घर भाड्याने घेताना आपण किती सावध असतो! अकरा महिन्यांचा करार, नोटीस एक महिन्याची की दोन, डिपॉझिट कापणार का, कापलं तर रंगाचं किती कापणार, आत किती पंखे, गीझर चालू आहे की नुसताच टांगलेला, हे सगळं लिहून घेतो. यातले निम्मे प्रश्न राहण्याबद्दल नसतातच, ते निघण्याबद्दल असतात. घर सोडायची वेळ येणार हे पक्कं माहीत असलेला माणूसच असे प्रश्न विचारतो. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र आपण सात-आठ पानी करारावर ‘मान्य आहे’ असं म्हणून न वाचता सही करतो, आणि मालकाला जागा कधीही रिकामी करून मागता येईल हे त्यात चक्क लिहिलेलं असतं. मग नोटीस आली की आपल्याला धक्का बसतो. नोटीस आली याचा धक्का बसण्यात अर्थ नाही. बिनभाड्याच्या घरात सहा वर्षं राहायला मिळालं, याचा बसायला हवा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘म्हणूनच मोठ्या कंपनीचं घ्यावं. मोठी कंपनी कशाला बंद पडेल?’ कंपनी बंद पडत नाही हे खरंच आहे. गूगल कुठे बंद पडलं? बंद पडतं ते तिचं अ‍ॅप, आणि कंपनी जितकी मोठी तितकं ते अ‍ॅप तिच्या हिशेबात लहान. गूगलचाच इतिहास काढा. 2009 मध्ये त्यांनी ‘लिसन’ नावाचं पॉडकास्टचं अ‍ॅप काढलं आणि 2012 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. वापरणाऱ्यांना धीर देण्यात आला की तुमची यादी सुखरूप आहे, ती आमच्या ‘रीडर’ या सेवेत सापडेल. 1 जुलै 2013 ला रीडर बंद झालं. मग 2016 मध्ये अमेरिका आणि कॅनडापुरते पॉडकास्ट ‘गूगल प्ले म्युझिक’मध्ये आले. ते अ‍ॅप 2020 च्या अखेरीस बंद झालं आणि तिथल्या श्रोत्यांना सामान गूगल पॉडकास्ट्समध्ये हलवायची सोय करून देण्यात आली. 2024 मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं आणि सामान यूट्यूब म्युझिककडे न्यायची सोय करून देण्यात आली. सोय दर वेळी उत्तम होती, याबद्दल वाद नाही. एखादा अमेरिकन श्रोता पहिल्यापासून निष्ठेने एकाच मालकाकडे राहिला असेल तर पंधरा वर्षांत त्याचं बिऱ्हाड किती वेळा हललं ते बोटांवर मोजा. त्याच काळात, 2012 पासून, ‘अँटेनापॉड’ नावाचं अ‍ॅप कुठल्याही कंपनीशिवाय, स्वयंसेवकांच्या जिवावर, एकही जाहिरात न दाखवता चालू आहे. ‘ओव्हरकास्ट’ हे आयफोनवरचं अ‍ॅप 2014 पासून मुख्यतः मार्को आर्मेंट या एकट्या माणसाने चालवलेलं आहे. एकट्या माणसाला पॉडकास्टचं अ‍ॅप हाच धंदा असतो. मोठ्या कंपनीत ती कुणाच्या तरी तिमाही सादरीकरणातली एक ओळ असते, आणि सादरीकरण करणारा बढती घेऊन दुसरीकडे गेला की ओळ अनाथ होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘फुकट घेता म्हणून ही वेळ येते. पैसे मोजा, अ‍ॅप टिकेल.’ पैसे मोजावेत, या मताचा मीही आहे. मेहनतीची वस्तू वापरून वर ‘पाच रुपयेसुद्धा लावले हो’ असा एक-तारा अभिप्राय देणं शोभत नाही. पण पैसे दिल्याने टिकाऊपणा विकत मिळतो, या समजुतीला पुरावा कमी आहे. ‘पॉकेट कास्ट्स’चंच घ्या. हे ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीचं अ‍ॅप, एकदा पैसे भरून कायमचं घ्यायचं. 2018 मध्ये ते अमेरिकेतल्या एनपीआरसह काही सार्वजनिक रेडिओ संस्थांनी मिळून विकत घेतलं. सप्टेंबर 2019 मध्ये ते सगळ्यांसाठी फुकट झालं आणि काही सोयींसाठी वर्षाची वर्गणी आली. ज्यांनी संगणकावरच्या आवृत्तीचे पैसे आधीच भरले होते त्यांना आधी तीन वर्षांची सवलत देऊ केली गेली. लोक खवळले, तेव्हा ती आयुष्यभराची झाली. आयुष्य कुणाचं, अ‍ॅपचं की ग्राहकाचं, हे अशा वेळी विचारायचं नसतं. 2021 मध्ये मालक पुन्हा बदलला. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकने ते घेतलं आणि 2022 मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. म्हणजे अ‍ॅप चांगलं, माणसं चांगली, ग्राहकांनी पैसे दिलेले, आणि तरीही चार वर्षांत दोनदा मालक आणि एकदा पैशांची रीत बदलली. ‘स्टिचर’चं तर विचारूच नका. 2008 पासूनचं हे अ‍ॅप, पैसे भरून ऐकायची सोयही त्यात होती. 2020 मध्ये अमेरिकेतल्या सिरियसएक्सएमने स्टिचरचा पसारा 32.5 कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतला आणि 29 ऑगस्ट 2023 ला ते अ‍ॅप बंद केलं. आपण दिलेल्या वर्गणीने कंपनीला माया लागेल, ही आशा या रकमेपुढे जरा कोवळी वाटते.

मग तुलनेच्या तक्त्यांतल्या त्या हिरव्या टिचक्यांचं काय? त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या जवळजवळ सगळ्यांकडे असतात आणि जितक्या महत्त्वाच्या वाटतात तितक्या नसतात. वेग वाढवायची सोय घ्या. दीडपट वेगाने ऐकणारा माणूस स्वतःला दीडपट शहाणा समजतो, पण पुणेकर वक्ता मुळातच दीडपट वेगाने बोलत असेल तर ही सोय कुणाच्या कामाची? शांतता कापायची सोय त्याहून गमतीची. बोलताना मध्ये जो विराम येतो तो अ‍ॅप गाळून टाकतं, म्हणजे मुलाखतकाराने ‘तुम्हाला त्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो का?’ असं विचारल्यावर ज्येष्ठ कलावंत जो तीन सेकंद गप्प बसतो, आणि ज्या तीन सेकंदांसाठी मुलाखत घेतलेली असते, ते तीन सेकंद नाहीसे होतात. कलावंत कापल्यासारखं ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याचं मत उगाच वाईट होतं. वर काही अ‍ॅप अशा रीतीने तुमचे किती तास वाचवले त्याचा हिशेबही दाखवतात. ते वाचलेले तास गेले कुठे? दुसरा पॉडकास्ट ऐकण्यात. या सर्व सोयींत मला प्रामाणिक वाटतो तो झोपेचा टायमर. श्रोता ऐकत नाहीये हे गृहीत धरून बनवलेली ही एकमेव सोय, आणि तीच लोक रोज वापरतात.

जाता जाता एका निरपराध्याची बाजू मांडली पाहिजे. ‘मध्येच आवाज बंद पडतो, फालतू अ‍ॅप आहे’ या तक्रारीत दोष बऱ्याचदा अ‍ॅपचा नसतोच. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन स्वतःच मागे चाललेल्या अ‍ॅपचा गळा दाबतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर बॅटरीचा पर्याय असतो. तिथलं बंधन काढलं की चमत्कार झाल्यासारखं ते नीट चालू लागतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक अ‍ॅप एका दिवसात हाकलली गेली, आणि त्यांच्या जागी आलेल्यांचाही त्याच फोनने तसाच गळा दाबला.

आता सर्वांत अवघड आक्षेप. मराठी श्रोता म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? यूट्यूब आहे की.’ आणि मराठीपुरतं बोलायचं तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते मान्य करून टाकतो. ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘मित्रम्हणे’ असले कार्यक्रम बहुतेकांना भेटतात ते यूट्यूबवरच: सोफा, दोन माणसं, तोंडासमोर भलामोठा माइक, मागे कुंडी. पॉडकास्ट ही ऐकायची गोष्ट आहे असं सांगायला जावं तर समोरचा म्हणतो, ‘पण मी तर बघतो.’ जो कार्यक्रम आपल्याला हवा तो फक्त तिथेच असेल तर तिथेच जावं. तत्त्वासाठी कानाला उपास घडवण्यात शहाणपण नाही. पण यूट्यूब हे पॉडकास्टचं अ‍ॅप आहे असं समजून राहायला गेलेल्या माणसाचं काय होतं ते बघा. तो तिथे संत साहित्यावरची मुलाखत ऐकायला जातो. मुलाखत संपते, आणि त्यापुढे काय ऐकायचं ते तो ठरवत नाही, यूट्यूब ठरवतं. अर्ध्या तासाने बायको डोकावते तेव्हा पडद्यावर कुणीतरी परदेशी माणूस गंजलेली कुऱ्हाड घासत असतो, आणि मुलाखतीचं म्हणाल तर तिचा विषयही आठवत नाही. साध्या पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये एक भाग संपला की आपण लावलेल्या रांगेतला दुसरा सुरू होतो, आणि रांग संपली की शांतता. ही शांतता यूट्यूबच्या अंगात नाही. यूट्यूब म्युझिकमध्ये फीडचा पत्ता घालून कार्यक्रम जोडता येतो, हे त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे. स्पॉटिफायमध्ये श्रोत्याला तेवढंही करता येत नाही. कार्यक्रम करणाऱ्याने तो स्पॉटिफायकडे दिला असेल तरच तो तिथे, नाहीतर तो जगात नाहीच असं समजायचं. आणि तिथे उभी केलेली यादी बाहेर काढायची सोयही त्या अ‍ॅपने दिलेली नाही.

यादी बाहेर काढायची सोय, हाच तो बाहेरचा दरवाजा. त्याचं नाव ओपीएमएल. नाव एखाद्या गोळीसारखं असलं तरी वस्तू साधी आहे: आपल्या यादीची एक फाइल. ही फाइल कधी उघडून बघा, आत कार्यक्रमाचं नाव आणि फीडचा पत्ता, पुन्हा नाव आणि पत्ता, अशा ओळींपलीकडे काही नसतं. पन्नास कार्यक्रमांची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबापेक्षा हलकी भरते. जुन्या अ‍ॅपमधून ती काढायची, नव्यात घालायची, की चहा उकळेपर्यंत सगळे कार्यक्रम हजर. तिच्यात काय येत नाही तेही सांगितलं पाहिजे: कुठला भाग कुठपर्यंत ऐकला, कोणते उतरवून ठेवले, हे तिच्यात नसतं. त्या खुणा मागेच राहतात. यावर कुणी म्हणेल, की मग उपयोग काय? मला वाटतं, तोटा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. अर्धवट ऐकलेले जे भाग नव्या अ‍ॅपमध्ये ‘नवीन’ म्हणून उभे राहतात, ते बहुतांशी अर्धवट राहण्याच्याच लायकीचे असतात.

ही फाइल न्यायला लोक कचरतात त्याचं खरं कारण वेगळंच असावं. ती फार खरं बोलते. अ‍ॅपमध्ये वर दिसतात ते आपण नेहमी ऐकतो ते चार कार्यक्रम; फाइलमध्ये सगळेच एका रांगेत येतात. म्युच्युअल फंडांवरचे तीन, ज्यांचा मिळून एक भाग ऐकला. जर्मन शिकवणारा एक, जो दहा पाठांनंतर आपोआप थांबला. पहाटे पाचला उठण्याचे फायदे सांगणारा एक, जो कायम रात्री ऐकला गेला. जगाचा संपूर्ण इतिहास सांगणारा एक, ज्यात श्रोता अजून मेसोपोटेमियात आहे. नव्या अ‍ॅपच्या शोधात महिना घालवणारा माणूस पुष्कळदा ही यादी बघायचं टाळत असतो, असा माझा अंदाज आहे. घर बदलताना माळा काढावा लागतो, आणि माळ्यावर काय आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं.

शेवटचा आक्षेप असा: छोटं अ‍ॅप घेतलं, दार बघून घेतलं, आणि तेही उद्या बंद पडलं तर? पडेल. अँटेनापॉडचे स्वयंसेवक एक दिवस कंटाळतील, ओव्हरकास्टचा कर्ता एक दिवस निवृत्त होईल, पॉकेट कास्ट्सचा मालक तिसऱ्यांदा बदलेल. पण तेव्हा प्रश्न नवं अ‍ॅप निवडण्याचा राहणार नाही. तो एका दुपारचं काम होईल, आणि त्यातलाही बराचसा वेळ पासवर्ड आठवण्यात जाईल. गूगल पॉडकास्ट्सनेही आपली यादी बाहेर न्यायला जुलै 2024 अखेरपर्यंत मुदत दिली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ज्यांनी ती वेळेत नेली त्यांनी कुठलंही अ‍ॅप घेतलं असतं तरी चाललं असतं. जे तक्ते बघत राहिले त्यांना मुदत संपल्यावर यादी आठवून लिहावी लागली.

तेव्हा वाचकहो, नवं अ‍ॅप उतरवल्यावर वेग, रंग आणि टायमर बघण्याआधी पाच मिनिटं काढून हे दार तेवढं शोधा, आणि यादी एकदा बाहेर काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. अँटेनापॉडमध्ये ते सेटिंगमधल्या ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’खाली आहे. पॉकेट कास्ट्समध्ये प्रोफाइलमधून सेटिंगमध्ये गेलात की ओपीएमएलचं नाव लिहिलेलंच दिसेल. ओव्हरकास्टमध्येही सेटिंगमध्येच आहे. स्पॉटिफायमध्ये शोधू नका, तिथे ते नाही.